अर्ध्या चढावरून

मी चाकाची खुर्ची बोलतेय. धारहून मांडूला जाताना नालछा मागे पडलं की डाव्या हाताला एक बुटकी टेकडी दिसते. तिच्या माथ्यावर मरियम मातेचं ठाणं आहे. फेब्रुवारीत, शेतात गहू उभा असताना, तिथे आजारी माणसांची जत्रा भरते. ज्यांना चढवत नाही त्यांना वर नेणं हे माझं काम. पायथ्याशी पत्र्याची शेड आहे. तिथे मी, माझ्यासारख्या आणखी काही खुर्च्या, स्ट्रेचर आणि पाण्याचे माठ असे आम्ही राहतो.

मी मूळची इथली नाही. ज्या कारखान्यात माझे पाइप वाकवले ते शहर मला ठाऊक नाही. मला घडी करून खोक्यात भरलं आणि खोकं उघडलं ते थेट देवासला, यशवंतरावांच्या घरी.

यशवंतराव गाड्यांच्या सीटा शिवायचे. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, काहीही आणा. त्यांचे पूर्वज देवासच्या मराठा राजांच्या दरबाराबरोबर महाराष्ट्रातून आले तेव्हा खोगिरं शिवत होते. घोडे गेले, मोटारी आल्या, सुई तीच राहिली. मग एका सकाळी दुकानात त्यांना लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं. साखरेचा आजार आधीपासून होताच.

मला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. माणसाने खुर्चीत बसावं इथपर्यंत ठीक, पण खुर्चीने माणसाला फिरवावं हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या पत्नी यमुनाबाई रोज सकाळी मला पुसून पलंगाजवळ आणत. संध्याकाळी मी तशीच परत भिंतीकडे जाई. त्यांचा मुलगा अंशुल मोबाइलच्या दुकानात काम करायचा. तो एकदा चिडून म्हणाला, "बाबा, बैठ के तो देखो." ते बसले नाहीत.

बसले ते माझी शिवण उसवली तेव्हा. यमुनाबाई माझ्यावर धुतलेले कपडे ठेवत, त्या वजनाने सीटचा एक कोपरा सुटला. यशवंतरावांनी तो पाहिला आणि आजारानंतरचं पहिलं सलग वाक्य त्यांच्या तोंडून निघालं.

"ही काय शिवण आहे?"

त्यांनी दुकानातून हिरवं रेक्झिन मागवलं. डाव्या हाताने सुई टोचायची आणि यमुनाबाईंनी पलीकडून ओढायची, असं करत त्यांनी माझी सगळी सीट नव्याने शिवली. टाके वाकडे पडले. दोघं त्यावरून भांडले. त्या घरात पुष्कळ दिवसांनी भांडण झालं होतं, आणि मला वाटतं त्या दोघांनाही त्याचं बरं वाटलं. मग ते माझ्यात बसले.

गल्लीत एक नर्स राहत होती, ख्रिस्ती. तिने यमुनाबाईंना टेकडीबद्दल सांगितलं. अंशुलला ते रुचलं नाही. "आई, आपण तिकडे कशाला? लोग क्या बोलेंगे?"

"लोकांना बोलू दे. ह्यांनी वर्षभर रस्ता पाहिला नाही. मला ह्यांना कुठेतरी न्यायचंय," यमुनाबाई म्हणाल्या.

टेकडीखाली जीप थांबली तेव्हा गळ्यात निळा गमछा घातलेला एक माणूस पुढे आला. हा थावरिया. जवळच्या फाळ्यातला, म्हणजे पाड्यातला, भील, आज्याच्या वेळेपासून ख्रिस्ती. जत्रेतल्या सगळ्या सेवेकऱ्यांचा तो मुकादम. त्याने आजार काय आहे ते विचारलं नाही. यशवंतरावांच्या पुढ्यात उकिडवा बसला, म्हणजे दोघांचे डोळे एका पातळीवर आले. मग म्हणाला, "आवो भिया. नाम क्या आपका? चाय पियोगे?"

यशवंतरावांनी अडखळत विचारलं, "मुझे क्या करना पड़ेगा?"

"कुछ नहीं करना. बैठना. धक्का हम लगाएँगे."

तो मला वर घेऊन गेला. दगड आला की आधी सांगे, मागे झुकवायचं झालं तर आधी विचारे. वर यशवंतरावांनी मूर्तीकडे फारसं पाहिलं नाही. ते खालच्या शेतांकडे बघत राहिले. उतरताना ते रडले. का रडले ते त्यांनी सांगितलं नाही, यमुनाबाईंनीही विचारलं नाही. ते बरे झाले नाहीत. त्याच उन्हाळ्यात गेले.

तेरावं झाल्यावर अंशुल मला विकायला निघाला होता. यमुनाबाईंनी विकू दिलं नाही; पुढच्या फेब्रुवारीत मला जीपमध्ये घातलं आणि थावरियाच्या हवाली केलं. द्यायला आल्या आणि जत्रा संपेपर्यंत राहिल्या. त्यानंतर दर जत्रेला त्या येत राहिल्या. सकाळी आपल्या तुळशीला पाणी घालून देवासहून निघायच्या आणि इथे येऊन गळ्यात निळा गमछा घालायच्या. इथल्या फादरनी त्यांना कधी धर्माचं विचारलं नाही. त्याही प्रार्थनेला मागे उभ्या राहत आणि आपल्या मनात आपलं म्हणत.

थावरियाने त्यांना काम शिकवलं. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. चढताना माणसाचं तोंड पुढे, उतरताना खुर्ची उलटी धरायची, म्हणजे माणूस पुढे घसरत नाही. आणि एक गोष्ट तो सगळ्या नव्या सेवेकऱ्यांना बजावून सांगे. "'ठीक हो जाओगे' ऐसा नहीं बोलना. वो अपने हाथ में नहीं है. पाणी अपने हाथ में है, छाया अपने हाथ में है."

ह्या शेडमध्ये उभं राहून मी माणसं पुष्कळ पाहिली. आजारी माणूस सहसा कमी बोलतो. त्याला आणणारा मात्र फार बोलतो. कुठले डॉक्टर झाले, कुणी काय सांगितलं, किती ठिकाणी फिरलो. ऐकणारा भेटला की तो रिकामा होत जातो, आणि मग त्याचे पाय दुखायला लागतात. यमुनाबाई आधी त्यालाच बसवायच्या.

आता गेल्या वर्षीचं सांगते.

जत्रेच्या मुख्य दिवशी ऊन चढत असताना लोहारद्याहून एक बाई आली. नाव उर्वशी. माहेर देवासचं, मराठी. तिचा नवरा पीथमपूरला कारखान्यात कामाला होता. बरोबर मुलगी, आरोही, सातवीतली. बसच्या प्रवासाने मुलगी सुकून गेली होती. गालाची हाडं वर आली होती. शेडमध्ये येताच तिने पाणी मागितलं, मग आणखी मागितलं, मग तांब्याच तोंडाला लावला.

उर्वशीचं हिंदी-मराठी ऐकून थावरियाने यमुनाबाईंना हाक मारली. "बाई, ये आपके देश के हैं."

यमुनाबाई आरोहीपुढे बसल्या. "नाव काय गं तुझं?"

"आरोही. मला मराठी समजते, आजी. लिखी हुई नहीं पढ़ पाती." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ये फास्ट चलती है क्या?"

"ढकलणारी म्हातारी आहे. जेवढी चालेल तेवढी चालेल."

मुलगी हसली आणि माझ्यात बसली. तिचं वजन एवढं कमी होतं, की यशवंतरावांनी शिवलेलं रेक्झिन दबलंसुद्धा नाही.

"काय होतंय हिला?" यमुनाबाईंनी विचारलं.

"कमजोरी आहे," उर्वशी म्हणाली. "बस, कमजोरी."

टेकडीच्या पायथ्याला भोंगा लावलेला असतो. त्यावरून फादर अधूनमधून हिंदीत सांगत असतात की कोणीही औषध बंद करू नये, बरोबर आणलं नसेल तर शेडमध्ये सांगावं. त्याही दिवशी ते सांगितलं गेलं. उर्वशीने पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "चला काकू, लाइन वाढतेय."

आम्ही चढू लागलो. मुलगी आधी इकडेतिकडे बघत होती. कुठलं झाड कशाचं ते विचारत होती. मग तिचं बोलणं तुटू लागलं. श्वास मोठमोठा येऊ लागला, जणू तीच मला ढकलत होती. चढाच्या मध्यावर पाण्याची टाकी आहे. तिथे ती वाकली आणि ओकली. उर्वशी पदर भिजवायला टाकीकडे गेली.

यमुनाबाईंनी मुलीचं तोंड पुसलं. तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. त्या थबकल्या. यशवंतरावांची साखर एकदा फार वाढली होती तेव्हा तो वास त्यांना ओळखीचा झाला होता.

"बाळ, तुला सुई असते का?"

आरोहीने टाकीकडे पाहिलं. "तुम्ही बोलू नका. आईला ओरडतील सगळे."

"नाही ओरडणार. असते का?"

"असते. रोज. परसों से बंद आहे. मीच म्हटलं होतं आईला, अब नहीं. फार दुखतं, आजी. फिर आत्याने कहा, माताजी के पास भरोसे से जाना हो तो सुई छोड़ के जाना. दर्शन तक."

यमुनाबाई उठल्या. उर्वशी ओला पदर घेऊन आली तेव्हा त्यांनी तिला सरळ विचारलं, "इन्शुलिन आणलंयस?"

उर्वशी मुलीच्या तोंडावर ओला पदर फिरवू लागली.

"उर्वशी, आणलंयस का?"

"घरी आहे." तिचा चेहरा एकदम आवळला. "सात साल से मी हिला टोचतेय, काकू. पोटाला, मांडीला, दंडाला. सकाळी उठली की ती मला बघून हात लपवते. आई म्हणून नाही, सुईवाली म्हणून बघते. एक वेळ, फक्त एक वेळ मला तिला न टोचता देवापुढे न्यायचंय. वर पोचलो की संपलं. लगेच परत जाऊ. आता किती राहिलंय?"

थोडंच राहिलं होतं. वरचा क्रूस तिथून दिसतो.

"मी वर नाही नेणार," यमुनाबाई म्हणाल्या. "खाली नेते. धारला हॉस्पिटलात."

उर्वशीने वाकून माझा ब्रेक ओढला. माझी चाकं जागीच आवळली गेली. मागची रांग थांबली. लोक विचारू लागले. काहींना एवढंच कळलं, की एका आजारी पोरीला दर्शनाआधी परत नेतायत. एक म्हातारा म्हणाला, "इतनी दूर से आई है, जाने दो ना बाई." आणखी कोणी म्हणालं, "तुम कौन होती हो रोकने वाली?" कोणीतरी फादरना बोलवायला वर धावलं. थावरिया खालून पळत आला. तो गर्दीला हात जोडत होता, उर्वशीच्या पुढे गुडघ्यावर बसून समजावत होता. "बहनजी, माताजी कहीं नहीं जा रही. बच्ची को ले चलो. मैं खुद गाड़ी चलाऊँगा."

उर्वशी म्हणत राहिली, "बस वरपर्यंत. बस वरपर्यंत."

ह्या सगळ्यात वेळ जात होता आणि मुलीचे डोळे मिटत चालले होते. यमुनाबाईंनी पुढे होऊन उर्वशीची बोटं ब्रेकवरून एकेक करून सोडवली आणि मला वळवलं. त्या टेकडीवर आजवर अर्ध्या चढावरून कोणी मला परत नेलं नव्हतं. उर्वशी त्यांच्या पाठीवर मारत होती. यमुनाबाईंनी मान खाली घातली आणि मार खात खात उतरत राहिल्या. खुर्ची उलटी धरलेली असल्यामुळे आरोहीचं तोंड वरच्या बाजूला होतं. तिने एकदा डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, आजीला मारू नको."

त्यावर उर्वशीचे हात थांबले.

मला घडी करून जीपच्या मागे टाकलं. थावरियाने गाडी जेवढी जोरात हाणता येईल तेवढी हाणली. नालछ्यात आठवड्याचा बाजार होता, रस्त्यात बैलगाड्या आणि भाजीचे ढीग. तो हॉर्नवरून हात काढत नव्हता. मागच्या सीटवर मुलीचा श्वास आणि आईचं पुटपुटणं, एवढंच ऐकू येत होतं.

धारला मला घडी करूनच कॉरिडॉरच्या भिंतीशी ठेवलं; डॉक्टरांनी आरोहीला लगेच हातात घेतलं. सलाइन लावली, इन्शुलिन दिलं. संध्याकाळी ती थोडी शुद्धीवर आली आणि पाणी मागितलं, असं नर्सने बाहेर येऊन सांगितलं. उर्वशीने नर्सचे पाय धरले. मग मेंदूला सूज आली. डॉक्टर तरुण होता. तो ते नीट समजावून सांगत होता, पण त्याच्याकडे बघून मला कळलं की त्याला स्वतःलाच ते सांगवत नाहीये.

दुसऱ्या दिवशी दुपारी आरोही गेली.

उर्वशी उभी होती तिथेच खाली बसली. यमुनाबाईंनी मला उघडलं आणि थावरियाच्या मदतीने तिला माझ्यात बसवलं. पुष्कळ आजारी माणसं मी वाहिली. पण त्या कॉरिडॉरमध्ये जे ओझं माझ्यावर आलं ते वजनाचं नव्हतं. तिचे हात माझ्या हातांवर होते आणि ते गार पडले होते.

"काकू," ती म्हणाली, "तुम्ही मला वर जाऊ दिलं असतं तर?"

यमुनाबाई तिच्यापुढे जमिनीवर बसल्या होत्या. "वर नेलं असतं तर तिथेच गेली असती, बाळ."

"आणि मी सुई बंद केली नसती तर?"

यमुनाबाईंना खोटं बोलता आलं असतं. त्या तिचे गार हात आपल्या हातांत घेऊन चोळत राहिल्या. उर्वशीला उत्तर मिळालं. ती ओरडली नाही.

पीथमपूरहून तिचा नवरा आला. कामाच्या कपड्यांतच होता. त्याने बायकोला विचारलं, "सुई कब बंद की?" तिने सांगितलं. त्याने मान हलवली, भिंतीला पाठ लावून बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

पुढचे दिवस टेकडीला वाईट गेले. कोणी म्हणालं, ह्या लोकांनी पोरीचं औषध बंद करवलं आणि मारली. कोणी म्हणालं, दर्शन होऊ दिलं नाही म्हणून मेली, सेवेकऱ्यांचं पाप. दोन्ही बोलणी एकाच चहाच्या टपरीवर व्हायची. चौकशीला माणसं आली, फादरना आणि थावरियाला कित्येकदा बोलावलं. रात्रीतून कोणीतरी शेडचे पत्रे फोडले. थावरियाचे केस त्या काही महिन्यांत पांढरे झाले. तो मला तेलपाणी करताना मध्येच थांबायचा आणि हातात चिंधी घेऊन नुसता बसायचा.

चौकशीसाठी यमुनाबाईही आल्या होत्या तेव्हा एकदा अंशुल त्यांना न्यायला आला. "बहुत हो गया, आई. लोक तुझ्याबद्दल काय बोलतायत ऐकलंस? आता परत इथे नाही यायचं."

यमुनाबाई म्हणाल्या, "अंशुल, त्या पोरीला मी आधी विचारलं असतं, पायथ्याशीच, तर तासभर वाचला असता. पुढच्या वर्षी कोणीतरी तसं विचारायला हवं. मला विचारता येतं."

अंशुलने गाडीतून तिची शाल आणून दिली आणि एकटाच परत गेला.

ह्या फेब्रुवारीत जत्रा भरली, पण गर्दी निम्मी होती. शेडच्या दाराशी आता एक नर्स बसते. आलेल्या प्रत्येकाला यमुनाबाई पाणी देतात, नाव विचारतात, आणि लगेच औषधाचं विचारतात. काहींना राग येतो. त्या विचारतातच.

दुपारी उर्वशी आली, नवऱ्याबरोबर. तिला ओळखायला मला वेळ लागला. वर्षभरात ती निम्मी झाली होती. जेवतच नाही, असं नवरा म्हणाला. "काकू, इथे यायचं म्हणत होती. मी म्हटलं, चल."

यमुनाबाई मला घेऊन पुढे झाल्या. उर्वशीने मान हलवली. "तुम्ही नको." आणि थावरियाकडे बोट केलं.

यमुनाबाईंनी माझ्या मुठी थावरियाला दिल्या आणि बाजूला झाल्या. उर्वशीची पिशवी उचलून त्या बऱ्याच मागून चालत राहिल्या. टाकीजवळ थावरियाने वेग कमी केला नाही. उर्वशीने डोळे मिटून घेतले होते. वर पोचल्यावर तिने हात जोडले नाहीत. ऊन कलेपर्यंत ती मूर्तीकडे नुसती बघत बसली, जशी एखादी बाई दुसऱ्या बाईकडे बघते, जिचंही मूल गेलेलं आहे आणि जिच्याशी आपलं पटत नाही. नवरा शेजारी उभा होता. त्याने एकदा तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो काढला नाही.

खाली आल्यावर यमुनाबाईंनी चहा आणला. उर्वशीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पण पेला घेतला आणि सगळा चहा प्यायली. मग दोघं बसकडे गेली.

"चाय पी लिया उसने," थावरिया म्हणाला.

"हो," यमुनाबाई म्हणाल्या, आणि आत माठ भरायला गेल्या. माठ आधीच भरलेले होते.

आता मीही थकलेय. माझं पुढचं एक चाक लडबडतं, पाठीचा पाइप एकदा वेल्डिंग करून झालाय. पुढच्या जत्रेला माझ्याऐवजी नवी खुर्ची आणायची असं फादर म्हणतात. आणू देत. मी कोणाला बरं केलेलं नाही, आणि कोणी बरं होऊन माझ्यातून उठलेलंही मी पाहिलं नाही. जी माणसं माझ्यात बसली ती थोडा वेळ एकटी नव्हती, एवढं मात्र मी छातीवर हात ठेवून सांगेन, मला छाती असती तर.

तुमच्या घरात कोणी आजारी असेल आणि तुम्हाला इथे यावंसं वाटलं तर अवश्य या. कुठल्याही देवाचे असा, या. फक्त त्याचं औषध घरी ठेवून येऊ नका. चढ अवघड आहे, पण धक्का द्यायला इथे माणसं आहेत.